फुली नसलेली खिडकी

हेल्टरमाच्या धक्क्यावर जानेवारीत
चारच्या आत दिवस आटपतो.
मग तिकीटघरात उरते मी, लेइडा,
राईच्या पावाचा अर्धा तुकडा,
आणि पंचायतीने भंगारात काढलेला संगणक.
त्याच्यावर लिनक्स मी चढवलं,
दोन हिवाळ्यांपूर्वी,
बोट नऊ दिवस अडकली होती तेव्हा.

मला एवढंच हवं होतं
की टर्मिनल सतत समोर असावं.
वारा किती, पाणी किती, बर्फ कुठवर,
दर पंधरा मिनिटांनी एक ओळ,
न मागता.

आधी चौकट काढली.
मग वरची पट्टी, तिच्यावरची नावाची पाटी,
आणि कोपऱ्यातली फुली.
मग बजावलं तिला :
खालच्या यादीत दिसायचं नाही,
आल्ट-टॅब फिरवताना मध्ये लुडबुडायचं नाही,
चारही डेस्कटॉपवर तूच,
सगळ्यांच्या खाली, सारवलेल्या जमिनीसारखी.
बाकीच्या खिडक्यांना डावीकडची पडवी दिली.
त्या तिथे नांदतात.

एकदा एक स्वल्पविराम राहिला
आणि सबंध पडदा काळाठिक्कर.
रात्री दोनला टॉर्च तोंडात धरून
वहीत उतरवून ठेवलेली जुनी फाइल
अक्षर अक्षर परत टाइप केली.
तेव्हापासून त्या फाइलच्या तीन प्रती आहेत,
एक भाच्याकडे, एक पेन ड्राइव्हमध्ये,
एक बिस्किटांच्या डब्यात.

डोळे उतरले तसा अक्षरांचा आकार वाढवला.
अकरा, चौदा, आता अठरा.
रंग मात्र तोच, शेवाळी.
ओळीच्या टोकाशी एक ठोकळा
लुकलुकत राहतो, काही म्हणत नाही.
इतकं गप्प माणूस आमच्या बेटावरही सापडणार नाही,
आणि आम्ही काही बोलके नव्हे.

काल रीवो आला. बोटीवरच्या मेकॅनिकचा मुलगा, नऊ वर्षांचा,
बाप परतेपर्यंत माझ्याकडे बसतो.
म्हणाला, हिला बंद कुठून करायचं?
मी म्हटलं, करायचंच नाही.
दारच ठेवलेलं नाही.
ऐकून तो जरा विचारात पडला.
मग म्हणाला, पण बर्फाच्या रस्त्यावर
बाबा मला पट्टा बांधू देत नाही.
बर्फ फुटलं तर झटकन दार उघडून
बाहेर पडता आलं पाहिजे, म्हणतो.

मी तिकिटं मोजत होते.
त्याने एका बोटाने चार अक्षरं हुडकली,
ए, एक्स, आय, टी,
शाळेत शिकवलीत म्हणे,
आणि एंटर.

खिडकी गेली.
मागे डोंगर.

बर्फाचं टोक, त्यावर गुलाबी उजेड, खाली देवदार.
लिनक्सबरोबर फुकट आलेलं चित्र,
मी कधी बदललं नव्हतं,
कधी पाहिलंही नव्हतं.
आमच्या बेटावर डोंगर नाही.
ज्याला आम्ही डोंगर म्हणतो
तो सायकलवरून न उतरता चढता येतो.

रीवोचा चेहरा पडला. मोडलं का?
नाही रे. थांब जरा.
पंधरा मिनिटं झाली, ओळ आली नाही.
वारा किती, कुणी सांगितलं नाही.
मग मी उठले, कान झाकले,
दार उघडून बाहेर गेले,
वारा किती ते गालांनी मोजलं,
आणि खाडीत दूरवर दोन दिवे दिसले,
वेळेच्या सात मिनिटं मागे.

रात्री खिडकी पुन्हा बसवली.
चौकट अजून नाही. फुलीही नाही, सवय झालीय.
फक्त पारदर्शकता पाचावरून चाळीसवर नेली.
आता आकड्यांच्या मागून
देवदारांची टोकं पुसट दिसतात,
वाऱ्याची ओळ जरा वाचायला त्रास होतो.
तो चालेल.

आणि फाइलच्या शेवटी
कुंपणाची खूण घालून एक ओळ लिहिली,
जी संगणक वाचत नाही, ओलांडून जातो :
कुठला डोंगर ते माहीत नाही.
रीवोला विचारायचं, एक्झिटच्या आधी
अजून काय काय शिकवलं.